माळावरचं नत्र आणि बापूरावांची संत्री

माती मागायला गेलेल्या बाईला आमच्या जिल्ह्यात सगळं मिळतं. चहा मिळतो, बसायला बाज मिळते, लग्न झालं का आणि झालं नसेल तर काहून झालं नाही, याची चौकशी मिळते. सेनगावच्या बाजूला मला एकदा पदरभर लिंबं आणि एक स्थळसुद्धा मिळालं. मिळत नाही ती फक्त माती. म्हणजे खरी माती.

एका संस्थेच्या माती परीक्षणाच्या गाडीवर मी काही वर्षं कामाला होते. जिल्हा नुकताच नवा झाला होता. हिंगोलीत रोज एखाद्या कार्यालयाची पाटी लागायची आणि पाटीखाली बसायला माणूस नसायचा. आमच्या गाडीत मात्र माणसं होती: चालक, परीक्षण करणारे सर आणि नमुने गोळा करणारी मी. गाडीच्या अंगावर हिरव्या अक्षरांत 'माती वाचवा' असं लिहिलेलं होतं आणि आम्ही ज्या रस्त्यानं जाऊ त्या रस्त्याची माती मागच्या माणसाच्या डोळ्यांत जात होती.

काम सोपं आहे. वावरात नागमोडी चालायचं. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, खाली निमुळता होत जाणारा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी माती एका घमेल्यात मिसळायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. असं करत करत अर्धा किलो उरली की ती अख्ख्या वावराची प्रतिनिधी. आपल्याकडच्या इतर प्रतिनिधींपेक्षा ती पुष्कळ इमानदार असते, कारण तिला निवडताना कोणी जेवण देत नाही. धुऱ्याजवळची, म्हणजे बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची घ्यायची नाही, उकिरड्याजवळची तर मुळीच नाही. हे सगळं आमच्या पत्रकात ठळक छापलेलं होतं आणि मी ते गावोगाव मोठ्यानं वाचून दाखवत असे.

पत्रकांची मला लहानपणापासून सवय. वडील चळवळीतले, म्हणजे घरात पगार कमी आणि पत्रकं जास्त. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. त्यामुळे छापलेला कागद योग्य माणसाच्या हातात पडला की जग बदलतं, यावर माझा विश्वास होता. जग बदलतंही. योग्य माणूस कोण, हे मात्र कागद ठरवत नाही.

तर, पत्रक ऐकून लोक माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी माती आणायचे. एका आजोबांनी ती नव्या खणात बांधून, वर कुंकू लावून आणली. एकानं पिठाच्या चाळणीतून चाळून आणली. म्हणाला, "खडे काढले बाई. तुमच्या मशीनला तकलीफ नको." एका काकूंनी तुळशीच्या कुंडीतली आणली. त्या तुळशीला रोज ताकाची धुवण पडत होती. तिच्याएवढी सकस माती मी पुन्हा पाहिली नाही.

मी त्यांना समजावायची, "अहो, जिथं पीक येतं तिथली पाहिजे. आजारी माणसाला दवाखान्यात नेता की घरातल्या पैलवानाला?"

"ते बराबर हाय," उत्तर यायचं, "पर माती सरकारात जाणार न्हाई का? तिथं खराब माल कसा पाठवावं? चार लोकांत काही मान हाय आपला."

हेच लोक लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या काळात सरकारला किडकी ज्वारी घालत होते आणि ती गोष्ट अजून अभिमानानं सांगत होते. ज्वारीच्या वेळी न आठवलेला मान मातीच्या वेळी बरोबर आठवायचा. त्यामुळे आमच्या कागदांवरून पाहिलं तर अख्खा सेनगाव तालुका म्हणजे नंदनवन. फक्त पीक तेवढं येत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. गोरेगावच्या पुढं, माळाच्या पायथ्याशी एक गाव आहे. वर माळावर बंजाऱ्यांचा तांडा. खाली, गावाच्या पलीकडं पाझर तलाव. तांड्यावरून तलावाकडं उतरणारी वाट बापूरावांच्या वावरातून जाते. बापूराव हे गावातले प्रगतशील शेतकरी. गावात नवीन काही आलं की ते पहिल्यांदा त्यांच्याकडं येतं आणि पुष्कळदा तिथंच राहतं.

गाव आणि तांडा यांच्यात जुना व्यवहार होता. इतर भागांत वावरात मेंढ्या बसवतात, तशी इथं तांड्याची गुरं बसवायचे. रबी निघाली की तांड्याच्या गायी खाली उतरायच्या. दिवसभर माळावर आणि मोकळ्या वावरांत चरायचं, तलावावर पाणी प्यायचं आणि मुक्काम ज्याचा पाळीचा दिवस असेल त्याच्या वावरात. शेणमूत तिथंच. त्या बदल्यात शेतकरी तांड्याला ज्वारी द्यायचा. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घालायचे. रेल्वे आली, मोटारी आल्या, तो धंदा बुडाला. पण वाहतूक थांबली नव्हती. माळावरचं गवत जमिनीतून नत्र घेतं, खडकातला स्फुरद मुळांनी ओढून काढतं. गाय ते गवत पोटात घालून खाली आणते आणि वावरात ठेवून जाते. जमिनीतले जिवाणू त्याचं पुन्हा पिकाच्या तोंडचं अन्न करतात. गोणी नाही, भाडं नाही, टपावर ताडपत्री नाही. पोच मात्र हमखास.

आमची गाडी या गावात गेली तेव्हा बापूरावांनी आमचे कष्ट वाचवले होते. सगळ्या गावाच्या मातीच्या पिशव्या देवळाच्या ओट्यावर ओळीनं मांडून तयार. सर खूश झाले. मी एक पिशवी उघडली. आत लसणाची सालं, चुलीतली राख आणि हिरव्या बांगडीचा तुकडा. दुसरीत कोंबडीचं पीस.

"सर, ही उकिरड्याची माती आहे."

सर सज्जन होते. सज्जन माणसाला जेवणाच्या वेळेला अडचण आवडत नाही. "आपण आलेल्या नमुन्याचं परीक्षण करतो," ते म्हणाले. "खाली तसं छापलेलं असतं."

खरंच छापलेलं होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. वर मोठ्या अक्षरांत मात्र प्रत्येक वावरापुढं एकच शब्द आला: 'भरपूर'.

बापूरावांनी तो कागद गावाला वाचून दाखवला. सरकारी गाडीनंच सांगितलं (आमची गाडी सरकारी नव्हती, पण हिरवी होती), की गावाची जमीन ताकदीची आहे. मग तांड्याची गुरं कशाला? ज्वारी फुकट द्यायची कशाला? आणि गुरं उतरणारच नसतील तर ती वाट तरी कशाला? त्या वाटेच्या दोन्ही अंगांना त्यांना संत्र्याची बाग लावायची होती, हा केवळ योगायोग. आठवड्याच्या आत वाटेच्या तोंडावर बोरीच्या काट्या पडल्या.

मला हे कळलं ते गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी. गाडी उभी होती, मी पिशव्यांवर नावं घालत होते. एक उंच, सुकलेली बाई गर्दी कापत आली. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हातात काठी.

"तूच का गं ती मातीवाली?"

"हो. तुम्ही कोण मावशी?"

"झमकूबाई. वरच्या तांड्याची. काय लिवलं तू त्या कागदावर?"

"मी नाही लिहिलं, सरांनी..."

"बापूराव म्हणतो, लिवून देलं सरकारनं, आता तांड्याच्या गुरायची गरज न्हाई. वाट बंद केली त्यानं. माझ्या गायी वरच उभ्या राहून हंबरून राहिल्या. पानी काय डोक्यावर नेऊन पाजू त्यायला? हांडा घेऊन एकेकीच्या तोंडाला लावू?"

मी तिला उकिरड्याचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यायनं आमच्याच गायीचं शेन तुला माती म्हनून देलं," ती म्हणाली, "आन् तू म्हनली, लई चांगली माती."

गावाच्या उकिरड्यात गावची गुरंही असतील, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. झमकूबाई म्हणजे कोणी माळावरची संत नव्हे. तिच्या गायींनी दुसऱ्याची तूर खाल्ली की तूरच मधे आली असं ती सांगायची आणि भांडणात तिच्यापुढं तांड्याचा नायकही उभा राहत नसे. पण तिच्या दावणीच्या गायी हेच तिचं सगळं होतं. मुलगा ऊसतोडीला जायचा, नवरा वारलेला. उन्हाळ्याच्या तोंडावर वाट उघडली नाही तर गायी विकाव्या लागणार, एवढा साधा मामला.

मी पेटले. आमच्या घरात पेटणं हा रिवाज आहे. गावात जाऊन बापूरावांना म्हणाले, "काका, मी पुन्हा माती घेणार. माझ्या हातानं. सगळ्यांच्या समोर."

"घ्या ना ताई," बापूराव हसून म्हणाले. "कुठूनबी घ्या. माझं काय भ्याव हाय?"

सरांनी या एका वेळेपुरती परवानगी दिली. तीन वावरं निवडली. एक, जिथं मागच्या उन्हाळ्यात तांड्याची गुरं बसली होती. दुसरं, जिथं कित्येक वर्षं फक्त गोणीतलं खत पडत होतं. तिसरं बापूरावांचं, वाटेच्या कडेचं. निम्मं गाव धुऱ्यावर उभं होतं. दुसऱ्या धुऱ्यावर झमकूबाई तांड्याच्या बायका घेऊन बसली होती, कुस्तीच्या फडाला बसावं तशी.

"खोल खन, पोरी! वरवर कुरतडू नको!"

"खोल न्यायचं नसतं मावशी, वीतभरच."

"मग तुझ्या वितीनं नको, माझ्या वितीनं खन!"

निकाल आला. गोणीच्या वावरात सेंद्रिय कर्ब 'अत्यंत कमी'. बापूरावांच्या वावरातही 'अत्यंत कमी'. गुरं बसलेल्या वावरात 'कमी'. तांड्याच्या इतक्या पिढ्यांची मेहनत त्या एका गळालेल्या शब्दात मावली होती, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. मी चावडीवर विजयी मुद्रेनं वाचून दाखवलं.

बापूरावांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे ताई, गुरं न बसवून बी कमी, आन् बसवून बी कमीच. व्हय ना?"

"हो, पण..."

"मग गुरं काहून बसवायची?"

सगळी चावडी 'बराबर हाय' म्हणाली.

तिथं मला कळलं की माती भरपूर निघाली तर गुरांची गरज नसते आणि कंगाल निघाली तर गुरांचा उपयोग नसतो. मधलं काही निघालं असतं तर त्याचाही अर्थ संत्रीच झाला असता. मी ओरडले, की 'कमी' आणि 'अत्यंत कमी' यांत अर्धपोटी आणि उपाशी एवढा फरक आहे. "हाय ना," बापूराव म्हणाले, "एका शब्दाचा."

माझी बाजू घ्यायला एकही माणूस उठला नाही. झमकूबाई तर माझ्यावरच भडकली. "आमच्या गायीनं जलमभर एवढं घातलं, आन् तरी 'कमी'च? तुझं मशीनच उपाशी हाय बघ!"

मग मी मला येत होतं ते केलं. पत्रक काढलं. नत्राचा सगळा प्रवास लिहिला: हवेतून जमिनीत, जमिनीतून गवतात, गवतातून गायीत, गायीतून वावरात. सोयाबीनच्या मुळांच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, पण त्यातलं बरंचसं दाण्यात जातं. दाणे तेलाच्या कारखान्यात, पेंड जहाजात आणि शेवटी परदेशातल्या कोंबड्यांच्या पोटात. त्या कोंबड्या फार उपकार जाणणाऱ्या असल्या तरी गोरेगावला परत येऊन घाण करणार नाहीत, असंही लिहिलं. खाली मोठ्या अक्षरांत: 'चक्र तोडू नका, वाट उघडा.'

पत्रक गाजलं. सव्वीस जानेवारीला शाळेत ते वाचलं गेलं. वाचणारे बापूराव. शेवटची ओळ सोडून त्यांनी सगळं छान खणखणीत वाचलं, 'निसर्गाचं चक्र' म्हणताना तर त्यांचा आवाज भरून आला. टाळ्या पडल्या. मला नारळ मिळाला. तहसीलीत वाटेसाठी अर्ज दिला होता, तिथं साहेबांनी माझ्या भाषाशैलीचं कौतुक केलं आणि मोजणी झाल्यावर बघू म्हणाले. मोजणी करणारा अजून यायचा आहे.

तो उन्हाळा झमकूबाईनं कसाबसा काढला. माळावरच्या झऱ्याचं पाणी चैत्रात आटलं. निम्म्या गायी बाजारात गेल्या. मी त्या दिवशी तांड्यावर होते. ती रडली नाही. गायी घेणाऱ्यालाच तिनं इतक्या शिव्या दिल्या, की तो जाताना दोनदा मागं वळून बघत होता. उरलेल्या गायींना ती तलावाला माळाच्या पाठीमागून, दगडांच्या उतारावरून वळसा घालून न्यायची. एकदा पाणी पिऊन घरी येईपर्यंत त्यांना पुन्हा तहान लागलेली असायची. आणि गायी कुणाच्या वावरात बसत नव्हत्या, म्हणून सगळं शेण वरच राहू लागलं. झमकूबाईनं ते आपल्या मुरमाड तुकड्यात टाकायला सुरुवात केली. टाकायला दुसरी जागा नव्हती, म्हणून. यात कसलंही शास्त्र नव्हतं.

खाली बापूरावांच्या संत्र्यांची लागवड झाली. वाट नांगरून तिथंही एक ओळ बसवली. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. गोण्या झाल्या, फवारे झाले. मग शहरातून बागेचा कोणी जाणकार आणला. त्यानं माती हातात घेतली, चुरगाळली आणि विचारलं, "शेणखत कुठंय?"

गावात शेणखत नव्हतं. नांगरटीला ट्रॅक्टर आले होते, बैल गेले होते. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, वावरातच पेटवून द्यायची पद्धत पडली होती. धूर दिसला की राख होते, राख दिसली की वावर साफ झालं असं वाटतं. गायी होत्या त्या दुधाच्या दोन-चार, आणि त्यांच्या शेणाला घराघरात भाव. शेणखत दिसत होतं ते एकाच ठिकाणी, वर, झमकूबाईच्या तुकड्यात. तिची ज्वारी त्या वर्षी खालून, बागेतूनही दिसत होती.

बापूराव माळ चढून गेले. तोवर आमची गाडी बंद पडली होती. संस्थेला मातीपेक्षा नवा विषय सापडला होता आणि मी घरी होते. पण झमकूबाईनं हा प्रसंग मला इतक्या वेळा सांगितला आहे, की मी तिथं होतेच असं मला वाटतं.

"झमकूबाई, चार ट्रॉल्या खत पाहिजे होतं."

"बसा पाटील. पानी घ्या. लांबून आनावं लागतं आमाले, जपून प्या."

"जुनं इसरा आता."

"इसरले की. मले वाट बी आठवत न्हाई कुटून होती ते. तुमी जरा दाखवा."

"वाटंवर झाडं हायत बाई!"

"मग झाडायलाच मागा खत."

तीन वेळा ते माळ चढले आणि उतरले. चौथ्यांदा त्यांनी ती ओळ उपटली. पिवळीच झाडं होती, फार दुःख झालं नसावं. वाट उघडली, एका वेळी एक गाय जाईल एवढी. खताचं विचारलं तेव्हा झमकूबाई म्हणाली, "आदी गायीला चालायची सवय होऊ द्या, मंग पाहू." बापूरावांनी मान्य केलं. हिशोबी माणूस. गायी रोज दोनदा बागेतून जाणार, जाता-येता काही ना काही ठेवून जाणार, ट्रॉली नाही तर नाही, हप्त्यानं तरी खत मिळेल, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. माझ्या पत्रकाचा गावात एकच खरा वाचक निघाला म्हणायचा.

वाट उघडल्याचं ऐकून मी गेले. सकाळची वेळ. गायी एकामागं एक उतरत होत्या, घंटा वाजत होत्या. इतक्या दिवसांनी सरळ पाण्याला निघालेल्या गायी घाईत असतात, पण रीत सोडत नाहीत. बागेच्या मध्यावर पहिलीनं शेपटी उचलली. बापूराव धुऱ्यावर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर सव्वीस जानेवारीचा भाव आला.

गायींच्या मागून झमकूबाई आली. डोक्यावर पाटी. तिनं पाटी खाली ठेवली, दोन्ही हातांनी शेणाचा पो उचलला, खाली चिकटलेला बोटांनी निपटून घेतला आणि पाटीत टाकला. मग पुढचा. बागेतून पलीकडं जाईपर्यंत तिनं एकही सोडला नाही.

"अवो झमकूबाई," बापूरावांना राहवेना, "पडू द्या की जरा! वाट देली ना मी?"

"वाट देली, गायीनं चालून घेतली," ती पाटी उचलत म्हणाली. "हे माझ्या माळाचं हाय. ते वर जाईल."

मी धुऱ्यावर बसून हसत होते. आयुष्यभर ज्या चक्रासाठी मी घसा फोडला, ते ही बाई रोज सकाळी पाटीत भरून उलटं नेत होती, आणि मला त्यात अन्याय दिसेना. निम्म्या गायी गेल्या होत्या त्याचा हिशोब ती दोन हातांनी करत होती.

तेवढ्यात मागून येणाऱ्या तांबड्या गायीनं पाय फाकवले आणि वाटेच्या मधोमध, संत्र्याच्या मुळाशी, चांगलं घमेलंभर मुतली. माती ते गपकन पिऊन गेली. झमकूबाईनं तिकडं बघितलंही नाही. शेणाइतकंच, कधी कधी जास्तही नत्र त्यात असतं, हे माझ्या पत्रकात होतं. तिला वाचता येत नाही आणि मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी बादली घेऊन येईल.